सेमाडोहमध्ये वेग 30 वर का आणायचा?

परतवाडा-धारणी रस्ता मेळघाटच्या जंगलातून आणि थेट सेमाडोह गावातून जातो. सप्टेंबर 2024 मध्ये याच भागात खासगी बस पुलावरून कोसळून प्रवाशांचे जीव गेले.

रस्ता रुंद, गुळगुळीत झाला की चालकाचा वेग आपसूक वाढतो. ताशी 60 किमी वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंत, म्हणजे साधारण एका सेकंदात, गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. 30 च्या वेगात जेमतेम आठ. ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारे अंतर तर एक चतुर्थांशच उरते. समोर शाळकरी पोर असो की सांबर, फरक इथेच पडतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 नुसार राज्य सरकार ठरावीक रस्त्यावर वेगमर्यादा घालू शकते. मात्र गावाच्या दोन्ही टोकांना गतिरोधक आणि अरुंद मार्गिका नसतील, तर पाटी बघतो कोण?