कोळशाच्या गावी कार्बनची सायकल

नाशिकरोडकडून एकलहऱ्यास येणाऱ्याला गावाआधी धुराडी दिसतात. 1970 पासून येथील औष्णिक केंद्राने कोळशाच्या किती वाघिणी पोटात घातल्या असतील, ते त्याचे त्यालाच ठाऊक! कोळसा म्हणजे बव्हंशी कार्बनच. त्यामुळे ‘कार्बनची सायकल’ हे शब्द मुलीच्या तोंडून ऐकताच मी म्हणालो, “अगं, कार्बन आपल्याकडे वाघिणीने येतो!” तिने किंमत सांगितली आणि पुढचा विनोद मला सुचेना. तीन लाख रुपये! तिच्या नोकरीतली सारी शिल्लक.

नाशिककरांचे सायकलवेड तसे जुने. 2015 साली येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत दोघांत मिळून पुरी केली. पण ती डांबरी रस्त्यावरची. मुलीला हवी होती डोंगरवाटांवर शर्यत करण्याची सायकल. ज्या प्रकाराला 1996 साली अ‍ॅटलांटा ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला.

या सायकलीचा सांगाडा कार्बनच्या तंतूंचे थर राळेत बसवून घडवितात. पुढे आणि मागे, दोन्हीकडे शॉकअप; चाक साधारण 100 ते 120 मिलिमीटर वरखाली होते. मागच्या शॉकअपचे कौतुक मला प्रथम पटेना. अंजनेरीच्या बाजूची एक खडकाळ वाट पाहिली, तेव्हा पटले. चढावर मागचे चाक दगडावरून उसळले, की पायांचा जोर फुकट जातो. शॉकअप त्याला जमिनीला धरून ठेवतो. मात्र केवळ कामावर जाण्यासाठी सायकल हवी असती, तर मी साफ नाही म्हटले असते. डांबरी रस्त्यावर हा सारा जामानिमा नुसते ओझे आहे.

“वजन किती?” हा प्रश्न जो तो विचारतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न. पहिला मापाचा. हँडल हाताला दूर पडले, तर हलकी सायकलही पाठ मोडते. दुसरा शॉकअपच्या हवेचा. नेहमीच्या सामानासह स्वार बसला, की मागचा शॉकअप सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा दबावा; हवा त्या बेताने भरावी. दुकानदार हे करून दाखवीत नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.

कार्बनचा स्वभावही ओळखावा. लोखंड वाकते आणि बोलून दाखविते. कार्बन दगडाचा घाव पोटात ठेवतो. म्हणून वापरलेली सायकल स्वस्तात मिळाली, तरी जाणत्याने सांगाडा तपासल्याखेरीज घेऊ नये. बोल्ट अंगच्या जोराने आवळणारा कारागीर तर येथे शत्रूच. त्यासाठी जोर मोजणारा पाना लागतो. शिवाय आपली काळी माती! पावसाळ्यात ती टायर आणि सांगाडा यांच्या फटीत अशी बसते, की चाक फिरेना. ती फट ऐसपैस असावी.

महागडे गिअर की चांगला सांगाडा, यावर घरी दोन रात्री वाद झाला. मुलगी म्हणाली, “बाबा, गिअर झिजणारच, ते पुढे बदलता येतील. सांगाडा कसा बदलू?” तिने साध्या गिअरची घेतली. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पाना, शॉकअपचा पंप आणि वर्षभराच्या देखभालीची तरतूद झाली.