तेलबाजारात अर्धसत्यही महागात

जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर पोहोचले आणि या भावात काहीतरी काळेबेरे असल्याची ओरड अमेरिकेतही झाली. घाऊक तेलबाजारातील लबाडीला मनाई करणारा कायदा तेथील काँग्रेसने डिसेंबर २००७ मध्येच संमत केला होता. त्याआधारे फेडरल ट्रेड कमिशनने केलेला नियम ४ नोव्हेंबर २००९ पासून लागू झाला. कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल यांची घाऊक खरेदी-विक्री त्याच्या कक्षेत येते.

चढा भाव लावणे म्हणजे या नियमाचा भंग नव्हे. जाणूनबुजून केलेली फसवणूक हा भंग आहे. साठ्याचे खोटे आकडे पसरवणारा व्यापारी त्यात सरळ सापडतो. अर्धसत्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. शुद्धीकरण कारखान्यातील बिघाडाबद्दल निव्वळ मौन पाळले, तर नियम मोडत नाही. मात्र एक विभाग सुरू झाल्याचे जाहीर करताना दुसरा बंद पडल्याचे हेतुपुरस्सर दडवले आणि त्यामुळे बाजारस्थिती विकृत होण्याची शक्यता असली, तर नियम लागू होतो. अर्थात, हेतू सिद्ध करणे हीच खरी कसोटी. मूळ कायद्यात प्रत्येक उल्लंघनास दिवसाला १० लाख डॉलरपर्यंत दिवाणी दंड होता. महागाईनुसार ही मर्यादा पुढे वाढत गेली.