नाव घेणे म्हणजेच स्मरण

२ नोव्हेंबर या एकाच दिवशी आपल्या मॉरिशस बेटावर दोन स्मरणे येतात. १८३४ साली याच तारखेला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कंत्राटी मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यांच्या आठवणीसाठी आप्रवासी घाटावर फुले वाहिली जातात. त्याच दिवशी आपले ख्रिस्ती शेजारी कब्रस्तानात जाऊन आपल्या मृतांच्या थडग्यांवर फुले ठेवतात. आपण पितृपक्षात पान वाढतो, ते मेणबत्ती लावतात. रीत निराळी, भाव एकच, असे म्हणून आपण पुढे जातो. आज मात्र आम्ही येथे थोडे थांबणार आहोत.

ख्रिस्ती धर्मात स्मरण ही उपासनेच्या मध्यभागी असलेली गोष्ट आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन केले, भाकर मोडली आणि आपली आठवण म्हणून हे करीत राहा असे सांगितले. तो काळ यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचा होता. मिसरच्या गुलामीतून झालेली सुटका यहुदी लोक त्या सणात दरवर्षी आठवतात. येशू स्वतः यहुदी होता. म्हणजे ख्रिस्ती स्मरणाचे मूळ यहुदी स्मरणात आहे. मूळ विसरले तर काय होते, हे जर्मनीतील कार्ल्सरूहे शहराने पाहिले आहे.

१७१५ साली वसलेल्या या शहरात बाडेन प्रांताच्या इव्हँजेलिकल चर्चचे मुख्य कार्यालय आहे. २२ ऑक्टोबर १९४० रोजी नाझी सरकारने बाडेन आणि शेजारच्या झार-फाल्त्स भागातील साडेसहा हजारांहून अधिक यहुदी माणसांना घरातून बाहेर काढले. त्यात कार्ल्सरूहेचे ९००हून अधिक लोक होते. सामान बांधायला थोडाच वेळ, हातात मोजके पैसे. म्हातारे, आजारी, लेकरे, कोणालाही सोडले नाही. आगगाडीने त्यांना फ्रान्सच्या दक्षिणेस गुर्स येथील छावणीत नेले. थंडी, चिखल आणि भूक यांनी कित्येक तेथेच मेले. १९४२पासून अनेकांना आउश्वित्सला नेऊन मारले. हे सारे दिवसाढवळ्या घडले. हायडेलबर्गचे पाद्री हेर्मान मास यांच्यासारखे थोडे लोक यहुदींच्या मदतीला धावले, पण बहुतेक चर्चे गप्प राहिली.

पुढे याच प्रांतातील इव्हँजेलिकल आणि कॅथलिक तरुणांनी एक काम हाती घेतले. ज्या ज्या गावातून माणसे नेली, त्या प्रत्येक गावाच्या नावाने दोन दगड घडवायचे. एक आपल्या गावात ठेवायचा, दुसरा नेकारझिमर्न येथे जमिनीवर आखलेल्या मोठ्या दाविदाच्या ताऱ्यावर बसवायचा. २००५ साली ते स्मारक खुले झाले. कार्ल्सरूहेत तर नागरिकांनी जुनी कागदपत्रे शोधून मारल्या गेलेल्या शहरवासीयांची चरित्रे लिहिली. संख्या पुसली, माणूस उभा राहिला.

२०२२ साली जागतिक चर्च परिषदेची अकरावी महासभा याच शहरात भरली. जगभरचे ख्रिस्ती तेथे सलोख्याचा विचार करण्यास जमले. आमच्या मते सलोख्याची पहिली पायरी हीच, की आपली चूक आपणच आठवावी. आपल्या माणसांसाठी अश्रू ढाळणे सोपे. ज्याच्यासाठी आपण दार उघडले नाही, त्याचे नाव घेणे कठीण. ख्रिस्ती माणूस त्याला पश्चात्ताप म्हणतो.

ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडता येत नाही. त्याच १९४० सालच्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारने हैफाच्या बंदरातून परत पाठवलेले सुमारे १,५८० यहुदी निर्वासित आपल्या बेटावर आणून बो बासेंच्या तुरुंगात ठेवले. १९४५पर्यंत ते तेथेच होते. त्यांतले सव्वाशेच्या आसपास लोक सें मार्तेंच्या कब्रस्तानात विसावले आहेत. त्या वाटेने जाणाऱ्या आपल्यातील किती जणांना हे ठाऊक आहे?

आणि आपली स्वतःची नावे? रत्नागिरी, कोल्हापूरकडून आलेल्या आजा-पणज्यांना मळ्याच्या कागदांवर क्रमांक मिळाला, नाव वेडेवाकडे लिहिले गेले. श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घ्यायची असतात; पुष्कळ घरांत तिसरे नाव आठवत नाही. कार्ल्सरूहेच्या लोकांनी परक्यांची नावे शोधली. आपण आपली तरी शोधावी. या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा, वही काढा, नावे आणि गावे मुलांच्या हाताने लिहून घ्या. आणि सें मार्तेंच्या बाजूला गेलात, तर तेथेही दोन फुले ठेवा.