बचावपटू रिकार्दो कार्व्हालो : रुसवा आणि पुनरागमन

फुटबॉलच्या खेळात गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या ओठांवर असते. गोल होऊ न देणाऱ्याची आठवण मात्र तो चुकला तरच होते. बचावपटूने नव्वद मिनिटे डोळ्यांत तेल घालून राखण केली, तरी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात त्याच्याविषयी एक ओळही येत नाही. आणि एकदा का त्याचा पाय चुकला, की तेवढेच जन्मभर सांगितले जाते. अशा उपेक्षित जागी सुमारे वीस वर्षे उभा राहिलेला पोर्तुगालचा एक नामवंत खेळाडू म्हणजे रिकार्दो कार्व्हालो. हे आडनाव आमच्या गोव्यातील वाचकांना घरचेच वाटेल. त्याने मिळविलेले चषक पुष्कळ आहेत. परंतु त्याच्या कारकिर्दीतील दोन प्रसंग, एक २०११ सालचा व दुसरा २०१६ सालचा, त्या चषकांहूनही अधिक विचार करण्याजोगे आहेत.

कार्व्हालोचा जन्म १८ मे १९७८ रोजी उत्तर पोर्तुगालमधील तामेगा नदीकाठच्या अमारांते या गावी झाला. गावच्या संघातून तो पोर्तो शहराच्या प्रख्यात संघात गेला. परंतु तेथे त्याला लागलीच जागा मिळाली नाही. हंगामापुरता शेजाऱ्याला बैल द्यावा, तसे त्याला प्रथम लेसा, मग सेतुबाल व नंतर आल्व्हेर्का या लहान संघांकडे उसने पाठविण्यात आले. २००१ साली तो परतला, आणि २००२ च्या जानेवारीत जोझे मोरिन्यो हे पोर्तोचे प्रशिक्षक झाले. तेथून त्याचे दिवस पालटले. २००३ साली सेव्हिय्या येथे स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाला ३-२ असे नमवून पोर्तोने युएफा चषक जिंकला; पुढच्याच वर्षी जर्मनीतील गेल्सेनकिर्खेन येथे मोनाको संघाचा ३-० असा पराभव करून युरोपातील सर्वश्रेष्ठ संघ होण्याचा मान मिळविला.

कार्व्हालो धिप्पाड नव्हता, की अंगावर धावून जाऊन दहशत घालणाराही नव्हता. त्याचे बळ त्याच्या नजरेत होते. पाटाचे पाणी कोठून फुटणार हे ओळखून पाटकरी जसा आधीच मातीची भर घालतो, तसा चेंडू कोठे जाणार हे हेरून कार्व्हालो दोन पावले आधीच तेथे उभा असे, आणि चेंडू अलगद काढून घेऊन आपल्या सोबत्याकडे देई.

२००४ साली युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा पोर्तुगालमध्येच भरली. पहिल्या सामन्यात कार्व्हालो बाहेरच होता. ग्रीसने यजमानांना २-१ असे हरविले, तेव्हा दुसऱ्या सामन्यात ३४ वर्षांच्या फेर्नांदो कौतो या मुरब्बी खेळाडूला बसवून त्या जागी कार्व्हालोला उतरविण्यात आले. पोर्तुगाल अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे पुन्हा ग्रीसकडूनच ०-१ असा हरला. तरी कार्व्हालोची गणना त्या स्पर्धेतील उत्कृष्ट खेळाडूंत झाली. एकाची जागा जाते, तेव्हाच दुसऱ्याला ती मिळते. हा नियम त्या दिवशी कार्व्हालोला लाभदायक ठरला. पुढे कधीतरी हाच नियम आपल्यालाही लागू होईल, हे तरुण वयात कोणाच्या ध्यानात येते?

त्याच वर्षी मोरिन्यो यांच्या पाठोपाठ तो लंडनच्या चेल्सी संघात गेला. जॉन टेरीच्या जोडीने त्याने जी बचावफळी उभी केली, तिच्या बळावर चेल्सीने २००४-०५ च्या इंग्लिश लीगमध्ये ३८ सामन्यांत अवघे १५ गोल होऊ दिले. हा विक्रम आजही गणला जातो. त्याच्या काळात चेल्सीने ती लीग तीनदा जिंकली. पुढे माद्रिदच्या रेआल संघातर्फे २०१२ साली त्याला स्पेनचे विजेतेपदही लाभले. मात्र बचावपटूच्या नशिबी असलेला कडू घोटही त्याला चुकला नाही. २००६ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात त्याने फ्रान्सच्या आँरीला आपल्या गोलक्षेत्रात पाडले. मिळालेल्या पेनल्टीवर झिदानने गोल केला, आणि त्या एकाच गोलाने पोर्तुगालचे स्वप्न भंगले.

आता तो पहिला प्रसंग. ऑगस्ट २०११ च्या अखेरीस सायप्रसविरुद्धच्या सामन्यासाठी पोर्तुगालचा संघ ओबिदुश येथे सराव करीत होता. कार्व्हालो तेव्हा ३३ वर्षांचा होता, आणि देशासाठी सत्तरांहून अधिक सामने खेळला होता. या सामन्यात आपल्याला अकरांत जागा नाही, असे त्याला दिसून आले. तो कोणाची अनुमती न घेता शिबिर सोडून निघून गेला, आणि आपला मान राखला गेला नाही असे सांगून त्याने राष्ट्रीय संघाला रामराम ठोकला. प्रशिक्षक पावलो बेंतो यांनी या वर्तनाला रणांगणातून पळून जाण्याची उपमा दिली. पोर्तुगालच्या फुटबॉल महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. बंदी संपली, तरी बेंतो होते तोवर त्याला बोलावणे आले नाही. पंचपक्वान्नांचे ताट पुढे असता एका पदार्थासाठी पाट सोडून उठावे, तसे हे झाले.

सप्टेंबर २०१४ मध्ये बेंतो यांच्या जागी फेर्नांदो सांतुश आले. त्यांनी जुना हिशेब काढला नाही. पुढच्याच महिन्यात कार्व्हालोला परत बोलावले. त्या वेळी तो मोनाको संघाकडून खेळत होता. २०१५ च्या मार्चमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने सर्बियाविरुद्ध गोलही केला.

दुसरा प्रसंग २०१६ सालचा. फ्रान्समध्ये भरलेल्या युरोपीय स्पर्धेतील पहिले तिन्ही सामने ३८ वर्षांचा कार्व्हालो खेळला, आणि तिन्ही बरोबरीत सुटले. हंगेरीने तर तीन गोल चढविले. चौथ्या सामन्यात सांतुश यांनी त्याला बसवून जोझे फोंते याला उतरविले. बारा वर्षांपूर्वी कौतोच्या बाबतीत घडले, तेच आता त्याच्या वाट्याला आले. उपांत्य सामन्यात पेपे जायबंदी झाल्यामुळे एक जागा रिकामी झाली. तीही ब्रुनो आल्व्हेस याला मिळाली. २०११ साली रुसण्यास जे कारण होते, त्याहून मोठे कारण आता होते. परंतु या वेळी कार्व्हालो कोठेही गेला नाही. १० जुलै रोजी सां-देनी येथे १०९ व्या मिनिटाला एदेरने केलेल्या गोलाने पोर्तुगालने फ्रान्सला नमविले आणि आपल्या इतिहासातील पहिला मोठा चषक जिंकला, तेव्हा तो संघाच्या बाकावर होता. विजेत्याचे पदक त्यालाही मिळाले. हंगेरीविरुद्धचा सामना हाच त्याचा देशासाठी ८९ वा आणि अखेरचा सामना ठरला.

पुढे २०१७ साली तो चीनमधील शांघाय येथे खेळला आणि मग निवृत्त झाला. २०२३ साली रोबेर्तो मार्तिनेझ यांचा साहाय्यक म्हणून तो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघात पुन्हा दाखल झाला. ज्या संघाच्या शिबिरातून तो एके दिवशी पाठ फिरवून गेला, त्याच संघातील तरुणांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले.

अकरांत असताना संघावर प्रेम करणे सोपे असते. खरी परीक्षा बाहेर बसावे लागते तेव्हा होते; आणि ती मैदानापुरती नसते. गावच्या मंडळात, गायनवृंदात, भावाभावांच्या घरातही आपली जागा दुसऱ्याला मिळाली की पाय उंबरठ्याकडे वळतो. कार्व्हालोचा पाय एकदा वळला. पण ज्यांनी त्याला पुन्हा बोलावले त्यांचे मन मोठे होते, आणि परत आल्यावर मिळाली ती जागा गोड मानून तो शेवटपर्यंत बसून राहिला. त्याच्या बचावाचे कौशल्य तज्ज्ञ वाखाणतील. आम्हांस मात्र त्याचे हे बसून राहणे अधिक मोलाचे वाटते.