घरगुती बिटकॉइन खनन आणि हरवलेली किल्ली : न्यूपोर्ट प्रकरणाचा अभ्यास

प्रस्तावना :

बिटकॉइन म्हणजे नेमके काय आणि ते घरच्या संगणकावर 'तयार' करता येते काय, हे दोन प्रश्न अलीकडे वाणिज्य, अर्थशास्त्र व संगणकशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना वर्गात विचारले जातात. त्यांची उत्तरे बहुधा व्याख्येच्या अंगाने दिली जातात. व्याख्या आवश्यक आहेच; परंतु या व्यवस्थेचे खरे स्वरूप ती बिघडते तेव्हाच अधिक स्पष्ट दिसते. प्रस्तुत लेखात वेल्समधील न्यूपोर्ट या शहरातील जेम्स हॉवेल्स यांच्या प्रकरणाचा विचार केला आहे. या गृहस्थांनी २००९ मध्ये घरच्या लॅपटॉपवर सुमारे ८,००० बिटकॉइन मिळविले, आणि २०१३ मध्ये ते ज्या किल्लीने उघडावयाचे ती किल्ली कचऱ्यात गेली. वृत्तपत्रांनी या घटनेकडे एक विनोदी दुर्दैव म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखकास मात्र ती मध्यस्थाविना चालणाऱ्या अर्थव्यवस्थेची एक कसोटी वाटते.

खननाची प्रक्रिया :

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक निबंध प्रसृत झाला व ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या खातेवहीचे पहिले पान, म्हणजे पहिला ब्लॉक, अस्तित्वात आला. या खातेवहीला कोणी एक लेखापाल नाही. जाळ्यात सहभागी झालेले संगणक नव्या व्यवहारांची नोंद करण्यासाठी परस्परांशी स्पर्धा करतात. ठरावीक मर्यादेखालील उत्तर देणारी संख्या शोधून काढणे, हीच ती स्पर्धा होय. अशी संख्या सूत्राने काढता येत नाही; एकामागून एक संख्या घेऊन पाहणे एवढाच मार्ग असतो. ज्याला ती प्रथम सापडेल त्याने नवे पान लिहावयाचे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यावयाची, असा नियम आहे. यालाच खनन अथवा मायनिंग म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण येथे काहीच खणले जात नाही. न्यूपोर्ट प्रकरणात खरोखरीचे खोदकाम करण्याची वेळ आली ती पुढे कचराभूमीत, आणि तेही होऊ शकले नाही.

२००९ मध्ये एका ब्लॉकचे बक्षीस ५० बिटकॉइन होते व साधारणतः दर दहा मिनिटांस एक ब्लॉक निघावा अशी योजना होती. म्हणजेच ८,००० बिटकॉइन हे १६० ब्लॉकांचे बक्षीस झाले. संपूर्ण जाळ्याच्या अपेक्षित गतीने मोजले तर अवघ्या २६ तास ४० मिनिटांची निर्मिती. स्पर्धक मोजके असल्यामुळे साध्या लॅपटॉपला ते शक्य झाले. त्या काळी या नाण्यांना बाजारही नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये जो पहिला दर प्रसिद्ध झाला तो एका डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन असा होता, आणि तोही संगणकाला लागणाऱ्या विजेच्या खर्चावरून काढलेला होता. त्या दराने ८,००० नाण्यांची किंमत सहा डॉलरांच्या आसपास येते. पुढे हा आकडा कोट्यवधींत गेला, म्हणून मूळची ही रक्कम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आज घरच्या संगणकावर असे काही होईल ही आशा व्यर्थ आहे. एप्रिल २०२४ पासून बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आले आहे. या एकाच कामासाठी बनविलेल्या यंत्रांची मोठमोठी आगारे स्पर्धेत उतरल्यामुळे कोड्याची काठिण्यपातळी २०२४ च्या अखेरीस प्रारंभीच्या शंभर लाख कोटी पटींहून अधिक झाली होती.

खातेवही अनेक, किल्ली एक :

हॉवेल्स यांचे खनन फार काळ चालले नाही. लॅपटॉप तापत असे, त्याचा पंखा आवाज करीत असे, आणि घरातील माणसांना त्याचा त्रास होई. २०१० मध्ये त्या लॅपटॉपवर पेय सांडले. त्याचे सुटे भाग विकले गेले, मात्र हार्ड डिस्क खणात ठेवली गेली. तीन वर्षांनी घराची आवराआवर करताना खणात दोन सारख्याच हार्ड डिस्क होत्या; त्यांतील नको ती काळ्या पिशवीत गेली. आपण ती सकाळी पुन्हा पाहणार होतो, असे त्यांनी नंतर सांगितले. तत्पूर्वीच त्यांच्या तत्कालीन सहचारिणीने पिशवी डॉक्सवे येथील कचराभूमीवर पोहोचविली होती. हा २०१३ चा ऑगस्ट महिना. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव शंभर डॉलरांच्या घरात होता. म्हणजे पिशवीत टाकतानाच त्या वस्तूची किंमत आठ लाख डॉलरांच्या आसपास होती. खणात पडल्या पडल्या ती मौल्यवान झाली होती. खण मात्र तोच राहिला होता.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास करावयास हवा. हार्ड डिस्कमध्ये बिटकॉइन नव्हते. बिटकॉइन म्हणजे खातेवहीतील नोंद, आणि त्या खातेवहीच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर आहेत. त्यांतील शेकडो नष्ट झाल्या तरी नोंद शाबूत राहते. हार्ड डिस्कमध्ये होत्या त्या खाजगी किल्ल्या. अशी प्रत्येक किल्ली म्हणजे अठ्ठ्याहत्तर अंकी पल्ल्यातून निवडलेली एक संख्या होय. ती ज्याच्यापाशी आहे त्यालाच नोंद पुढे सरकविता येते. ती कोणाच्या नावावर नसते, तिची दुय्यम प्रत कोणतेही कार्यालय देत नाही, आणि अंदाजाने ती शोधणे मानवी कालमर्यादेत संभवत नाही. सारांश, नोंदीच्या प्रती असंख्य आणि ती चालविणाऱ्या किल्लीची प्रत एकच, अशी ही रचना झाली. अभियंत्यांनी जी सुरक्षितता खातेवहीला दिली ती घरातल्या खणाला कोणी दिली नव्हती, आणि नेमके तेथेच सर्व काही अवलंबून होते.

आपल्याकडील बँकव्यवहाराशी तुलना केल्यास हा भेद अधिक उमगतो. पासबुक हरवले तर अर्ज करून दुसरे मिळते. खाते दहा वर्षे निष्क्रिय राहिल्यास रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते. तरीही खातेदार वा वारस तिच्यावर दावा सांगू शकतो. बँकच बुडाली तर २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण तोकडे असल्याची तक्रार महाराष्ट्रातील सहकारी बँकांच्या ठेवीदारांनी अनेकदा केली आहे व ती रास्तही आहे. तथापि तक्रार करावयास एक दार आहे, हेही तितकेच खरे. पाठ्यपुस्तकांतून मध्यस्थाचे उच्चाटन हा बिटकॉइनचा गुण म्हणून शिकविला जातो. मध्यस्थ दलाली घेतो हे मान्य. पण माणसाच्या हातून झालेली चूक दुरुस्त करणे हेही त्याचेच काम असते, आणि ते काम या शिकवणुकीतून सहसा गळून जाते. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधिकेसाठी भरून घेतलेल्या प्रश्नावलींची संगणकीय नोंद एकाच सीडीवर होती व ती सीडी आज उघडत नाही. बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे म्हणून निभावले. हॉवेल्स यांना असे ग्रंथालय नव्हते.

कायद्याची भूमिका :

नोव्हेंबर २०१३ मध्ये ही बातमी जगभर पसरली तेव्हा त्या नाण्यांची किंमत सुमारे चाळीस लाख पौंड सांगितली गेली. पुढील दशकभर हॉवेल्स यांनी न्यूपोर्ट नगर परिषदेकडे उत्खननाची परवानगी मागितली. मिळणाऱ्या रकमेतील वाटा शहराला देण्याची तयारी त्यांनी दर्शविली. २०२१ मध्ये हा वाटा एकचतुर्थांशापर्यंत गेला होता. परिषदेने पर्यावरणविषयक परवान्याच्या अटींकडे बोट दाखवून नकार दिला. हा नकार निव्वळ नोकरशाहीचा हट्ट म्हणता येणार नाही. कचराभूमीत सुमारे चौदा लाख टन कचरा आहे. पुरलेला कचरा कुजताना मिथेनसारखे वायू व दूषित पाझर निर्माण होतात, आणि त्यांना बंदिस्त ठेवण्यासाठीच तो झाकलेला असतो. एका व्यक्तीच्या संपत्तीसाठी तो उकरावयाचा तर त्याची झळ आसपासच्या सर्वांना बसणार.

अखेरीस हॉवेल्स यांनी ४९.५ कोटी पौंडांचा दावा दाखल केला. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश कायझर यांनी, हा दावा यशस्वी होण्याची वास्तव शक्यता नाही, असे ठरवून तो पूर्ण सुनावणीपूर्वीच काढून टाकला. १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण अधिनियमातील एक तरतूद येथे महत्त्वाची ठरली. कचरा केंद्रावर जी वस्तू सोपविली जाते ती त्या प्राधिकरणाच्या मालकीची होते, अशी ती तरतूद आहे. आपल्या संमतीवाचून डिस्क तेथे गेली, हा हॉवेल्स यांचा युक्तिवाद त्यापुढे टिकला नाही. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही परवानगी नाकारली.

या निकालातून निर्माण झालेली स्थिती विधी शाखेच्या अध्यापकांना विचारार्ह वाटावी. डिस्कची मालकी परिषदेकडे गेली. परंतु त्या डिस्कचा परिषदेला उपयोग नाही, कारण ती कोठे आहे हे परिषदेलाही ठाऊक नाही. उलटपक्षी नाणी खातेवहीत जशीच्या तशी आहेत, पण त्यांना हलविण्याचे सामर्थ्य कोणापाशीच उरलेले नाही. मालकी, ताबा आणि वापराचे सामर्थ्य या तीन गोष्टी सोन्याच्या दागिन्याच्या बाबतीतही वेगळ्या होऊ शकतात. मात्र येथे त्या जितक्या पूर्णपणे विलग झाल्या तितक्या अन्यत्र क्वचितच होत असतील. आणखी एक विसंगती नमूद करावीशी वाटते. कोणत्याही शासनसंस्थेवर विसंबून न राहणारे धन मिळविलेल्या माणसाला ते परत मिळविण्यासाठी नगर परिषद आणि न्यायालय याच दोन दारांशी बारा वर्षे उभे राहावे लागले. यात त्यांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये सहा डॉलरांच्या वस्तूसाठी कोणी तिजोरी घेतली नसती.

आता डॉक्सवेच्या कचराभूमीच्या एका भागावर सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याची परिषदेची योजना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही कचराभूमी बंद होणार असल्याचे वृत्त आले, तेव्हा हॉवेल्स यांनी ती जागाच विकत घेण्याची इच्छा व्यक्त केली होती.