लोखंड कितलं लागी?

भडगावात कुणी स्लॅब टाकायला काढला की ओट्यावर पहिला प्रश्न अहिराणीत येतो : "लोखंड कितलं लागी, भो?" उत्तर किलोत हवं असतं. चौरस फुटाला साडेतीन की चार, यावर खर्चाचा अंदाज बांधला जातो आणि जालन्याचे गज दारात येऊन पडतात. ते गज नेमके कुठे बसणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

आमची जुनी घरं धाब्याची. लाकडी सरे, त्यांवर कड्या, काटक्या आणि वर फूटभर दाबलेली माती. एवढ्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या थोडं वर. म्हणजे आजोबांचं छत नातवाच्या छतापेक्षा जड होतं. ते तोललं लाकडानं, कारण लाकूड दाब सोसतं आणि ताणही. काँक्रीट दाबाला पहिलवान, पण ताणाला अगदीच लेचंपेचं. वजनानं तुळई खाली वाकू लागली की मधल्या भागात तिचा तळ ताणला जातो आणि तिथे भेगा पडतात. तो ताण उचलायला गज तळाशी हवा. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं कुंड्यांत लोखंडी जाळी घालून १८६७ मध्ये पेटंट घेतलं होतं. तुळईत गजांभोवती लोखंडी कडी घालण्याची पद्धत फ्रांस्वा हेनेबिकनं रुळवली. त्याचं पेटंट १८९२चं. आपल्या फिटरच्या तोंडी आज त्याच कड्या 'रिंगा' झाल्या आहेत. टेकूजवळ तिरप्या भेगा पडू पाहतात, म्हणून तिथे त्या दाट लागतात. सगळीकडे सारख्याच अंतरावर बांधलेल्या रिंगा दिसायला छान दिसतात, एवढंच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गॅलरीत. भिंतीबाहेर आलेली गॅलरी किंवा छज्जा टोकाला खाली झुकतो, तेव्हा ताण वरच्या बाजूला येतो. इथे गज वर हवा आणि तो आतल्या स्लॅबमध्ये लांबवर गेलेला हवा. फिटर तसा बांधतोही. मग काँक्रीटची पाटी डोक्यावर घेतलेली माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात, जाळी वर उचलून धरणाऱ्या गजाच्या 'खुर्च्या' खाली नसतात आणि गज दबून मध्यावर येतो. पाच इंची गॅलरीत खालच्या कडेपासून गजापर्यंत १०० मिलिमीटर उंची धरली होती; ती ५० झाली की ताकद जवळपास निम्मी. लोखंड मात्र एक किलोही कमी झालेलं नसतं! बिल बरोबर, वजनकाट्याची पावती बरोबर. आमच्या गल्लीतल्या अशाच एका गॅलरीला भिंतीलगत वरून भेग आहे. घरमालक दरवर्षी तीत सिमेंट भरतो.

उलट हौसही असते. "दोन गज जास्तीचे टाका, मजबूत होईल." तुळईत लोखंड प्रमाणाबाहेर झालं तर ते ताणलं जाण्याआधीच वरचं काँक्रीट चिरडतं आणि छत इशारा न देता बसतं. बेताचं लोखंड आधी ताणतं, भेगा दाखवतं, माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. आयएस ४५६ या भारतीय मानकाचा हिशेब याच धोरणावर उभा आहे. काटकसरही तितकीच फसवी. सुतांत बोलणाऱ्या जुन्या मिस्त्रीचा तीन सुती म्हणजे आजचा दहाचा गज. त्याऐवजी अंतर तेच ठेवून आठचा टाकला, तर लोखंडाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटतं. आठ आणि दहा ऐकताना फरक दोनाचाच वाटतो.

काळजी वाटते ती मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर थेट स्लॅब टाकणाऱ्यांची. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारीत माणसं गाडली गेली ती दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माती कोसळून. भिंत तीच ठेवून फक्त छत बदललं तर काय साधलं?

उन्हाळ्यात आमच्याकडे स्लॅबवर कुरडया वाळतात, रात्री अंथरुणं पडतात. त्यासाठी चौरस मीटरला दीडशे किलोचा भार हिशेबात धरलेला असतो. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ओल्या स्लॅबवर किमान दहा दिवस आळ्यांत पाणी उभं हवं. आणि गजाखाली खडीचा तुकडा सरकवण्याऐवजी वीस मिलिमीटरचा कव्हर ब्लॉक. बादलीभर ब्लॉक तर सिमेंट-वाळूत घरीच पाडता येतात, गिरणा नदीच्या वाळूत.

ओतणीच्या सकाळी मी हल्ली टेप घेऊन जातो. मिस्त्री हसतो. गॅलरीपाशी गुडघ्यावर बसून जाळीखाली हात घातला की हसू थांबतं आणि तो पोराला हाक मारतो, "खुर्च्या आण रे चार."