संयोगचिन्हाच्या उजवीकडचे मराठे

काशीच्या भोसले घाटावर मध्यंतरी थोडा वेळ बसलो होतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा घाट. वर किल्ल्यासारखी उंच दगडी भिंत, आत लक्ष्मीनारायणाचे देऊळ. शेजारी एक मराठी गृहस्थ आपल्या शाळकरी मुलीला सांगत होते, "अँग्लो-मराठा युद्धे लढले, तेच हे भोसले." तिने विचारले, "बाबा, अँग्लो म्हणजे?" "इंग्रज," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. मला तो संपलेला वाटला नाही.

'अँग्लो' हे पद एकटे फारसे उभे राहत नाही. ब्रिटनमध्ये येऊन वसलेल्या अँगल टोळीचे लॅटिन नाव 'अँग्लुस'. समासात शिरताना त्याचे 'अँग्लो' झाले. 'अँग्लो-सॅक्सन' हा या कुळातला जुना समास. आपण त्याला अँगल आणि सॅक्सन असा द्वंद्व समजतो. मुळात त्याचा अर्थ होता युरोपखंडातल्या सॅक्सनांहून वेगळे, म्हणजे इंग्लंडातले सॅक्सन. 'अँग्लो-मराठा' मात्र खरोखरीचा द्वंद्व आहे. कंपनीच्या काळातले इंग्रज बहुधा नुसते 'मराठा युद्ध' म्हणत. त्या नावात लढणारा दुसरा पक्ष, म्हणजे लिहिणारा स्वतः, दिसतच नसे. त्या मानाने समास प्रामाणिक म्हणायचा.

खोट आहे ती उजव्या पदात. पहिल्या युद्धात (१७७५-८२) पुणे लढत असताना नागपूरची फौज ओडिशापर्यंत गेली खरी, पण हेस्टिंग्जचा पैसा स्वीकारून बंगालवर चालून गेली नाही. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले, तेव्हा यशवंतराव होळकर बाजूला राहिले, आणि खुद्द पेशवे तर आदल्या वर्षअखेरीच्या वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी कटक प्रांत सोडला. होळकर रणात उतरले ते पुढच्या वर्षी, शिंदे-भोसल्यांचे तह उरकल्यावर. मग त्या विशेषणातला 'मराठा' नेमका कोण? पाठ्यपुस्तक त्याला एकसंध पक्ष मानते. त्यामुळे फुटलेल्या आघाडीची गोष्ट विद्यार्थी एका राष्ट्राचा पराभव म्हणून वाचतो.

मी इंग्रजीत लिहितो, म्हणून ही सवय मलाही आहे. 'केंद्र-राज्य संबंध' हे शब्द या स्तंभात कितीदा आले असतील! त्यातले 'राज्य' एकवचनी. राज्ये आहेत २८, आणि वित्त आयोगापुढे उत्तर प्रदेश किंवा बिहारची मागणी ती तामिळनाडूची नसते. केंद्राला एकाशी बोलणे पुरते. राज्यांना आधी आपसात बोलावे लागते, आणि समासात त्या बोलण्याला जागाच नाही.

मी उठलो तेव्हा ती मुलगी नदीकाठी बोट दाखवत विचारत होती, पलीकडचा शिंदे घाट कोणाचा?

"तोही आपलाच," बाबा म्हणाले.

"मग दोन कशाला बांधले?"